तातडीच्या कामासाठी यांच्याशी संपर्क साधावा

मी रजेवर होतो तेव्हा ऑफिसातच होतो. माझ्याच खुर्चीवर, माझ्याच टेबलाशी, समोर चहाचा कप. ही गोष्ट ज्यांना कळायची त्यांना कळली, पण माझ्या तोंडून नाही. माझ्या तोंडून तशा फार गोष्टी बाहेर पडत नाहीत. बायको म्हणते, यांना काहीही विचारा, ‘बघू’ येतं. भाजी कसली करू? बघू. घराला रंग द्यायचा का? बघू. कॉम्प्युटरात आपोआप उत्तर जायची सोय आली त्याच्या कितीतरी आधीपासून ती माझ्यात बसवलेली होती.

आमचं ऑफिस नांदेडला. बियाण्यांच्या कंपनीचं विभागीय कार्यालय, असं पाटीवर लिहिलंय. प्रत्यक्षात टायरच्या दुकानावर एक हॉल, मध्ये प्लायवूडच्या भिंती आणि एक कूलर, जो उन्हाळ्यात पाणी मागतो आणि पावसाळ्यात गळतो. माझं काम दुकानदारांच्या तक्रारी वाचायचं. सोयाबीन उगवलं नाही की दुकानदार ईमेल पाठवतो. उगवलं तर कुणी पाठवत नाही. त्यामुळे इतकी वर्षं या पिकाबद्दल माझ्यापर्यंत जी माहिती आली तिच्यावरून सोयाबीन हे न उगवणारं पीक आहे.

पूर्वी रजेची पद्धत सोपी होती. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकायचा, टेबलावर चष्म्याचं घर उघडं ठेवायचं आणि गावाला निघून जायचं. कुणी आलं तर शिपाई सांगे, ‘साहेब हितंच हायत, आत्ता खाली गेलेत.’ पाहुणा तासभर टॉवेलाकडे बघत बसे आणि समाधानानं परत जाई. मग पुण्याच्या हेड ऑफिसातून पत्रक आलं. रजेवर जाताना प्रत्येकानं ईमेलवर आपोआप उत्तराची सोय लावून जावी, आपल्या गैरहजेरीत काम कोण बघेल त्याचं नाव द्यावं. सोबत इंग्रजीत नमुना. आमचे दुकानदार इंग्रजी वाचून घाबरतात, म्हणून साहेबांनी त्याचं मराठी करायला मला सांगितलं. मी केलं: ‘मी सध्या कार्यालयाबाहेर आहे. तातडीच्या कामासाठी यांच्याशी संपर्क साधावा.’ खाली नाव आणि नंबर. सगळ्या मराठवाड्यात आमच्या कंपनीची माणसं रजेवर जाताना माझी ही दोन वाक्यं मागे ठेवून जातात. माझं साहित्य म्हणून जे काही आहे ते एवढंच.

‘यांच्याशी’च्या खाली मी नेहमी एकाच माणसाचं नाव घालत असे. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे, देवणी गावचे. पदानं बरोबरीचे, आवाजानं माझ्या चौपट. खिशात कायम भाजलेल्या शेंगा, टेबलाखाली टरफलं. त्यांना न विचारता मी त्यांचं नाव घालायचो आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, असं मी धरून चाललो होतो. पत्रक आल्यावर त्यांनीही पहिल्यांदा ही सोय लावली, पण माझी दोन वाक्यं बाजूला ठेवून स्वतःची लिहिली. ‘गाय व्यायली हाय. कालवड झाली. दोघी बऱ्या हायत. मी परवा येतो.’ पुण्याहून कुणीतरी ईमेल केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन आला की विभागीय कार्यालयात हे काय चाललंय. पण कुठल्याशा दुकानदारानं कालवडीसाठी गुळाची ढेप पाठवली होती. माझ्या दोन वाक्यांना कुणी गूळ पाठवलेला मला आठवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हेही बायको सांगते.

माझी थोरली बहीण लातूरला असते. दाजींचं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान. आम्ही मूळचे उदगीरचे, कानडी मुलखाला लागून, त्यामुळे तिला मी अक्का म्हणतो आणि ती मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. माझे केस पांढरे झाले तरी मी तम्माच. तिला एक मुलगी, हैदराबादला नोकरीला. या मुलीनं तिथंच लग्न ठरवलं. मुलगा सोलापूरकडचा, शिकलेला, घरचे लोक चांगले, आणि आपल्यातला नाही. पहिल्या तीन गोष्टी कुणी ऐकल्या नाहीत. दाजी काहीच बोलले नाहीत, ते माझ्याच जातकुळीचे. दाजींच्या भावांनी मात्र सांगून टाकलं, आम्ही येणार नाही.

अक्का बसनं नांदेडला आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी. स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, “तम्मा, मी तुला बोलायला लावत न्हाई. तुला बोलायचं जमत न्हाई ते मला ठाऊक हाय. तू नुसता उभा राहा. तिचे चुलते म्हणतेत, सख्खा मामा पाठीशी उभा राहत असंल तर आम्ही कोण आडवं येणारे.”

आमच्याकडे मुलीला मांडवात मामा आणतो आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीमागे उभा राहतो. त्याला बोलायचं काही नसतं, करायचंही काही नसतं. कुणीतरी माझा स्वभाव बघूनच ही जागा काढली असावी.

मी म्हटलं, बघू.

अक्का उठली. मग चटणी डब्यात काढून पिशवी घडी करून ठेवली आणि संध्याकाळच्या आत घरी पोचायचं म्हणून लगेच निघाली. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. तिथं तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी पुन्हा बघू म्हटलं असतं आणि तिला राग तरी आला असता.

माझी अडचण अशी होती. माझ्या मुलीसाठी उदगीरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरून विचारणा चाललेली. मोठं घर, अडतीचा धंदा, जुनी ओळख. त्यांच्याकडचे लोक भाचीच्या मांडवात मला बघतील आणि म्हणतील, यांच्याकडे असलं चालतं. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग अक्कांना तसं सांगा. म्हणजे जे बोलायचं टाळण्यासाठी मी गप्प होतो तेच बोलायला सांगत होती. बायकांना व्यवहार कळत नाही असं मी मनात म्हटलं. मनात मी बराच बोलका आहे.

मग फोन सुरू झाले. अक्काचा, मग भाचीचा. मी उचलले नाहीत. नांदेडात नेटवर्क वाईट आहे ही माझ्यासाठी मोठी सोय होती, आणि जिथं ते चांगलं होतं तिथं मी ते वाईट करून घेतलं. व्हॉट्सॲपचे संदेश मी न उघडता वरच्या वर वाचायला शिकलो होतो. तसे वाचले की समोरच्याला वाचल्याची खूण जात नाही. अशाच एका संदेशात भाचीनं लिहिलं होतं, ‘मामा, आता ऑफिसच्या ईमेलवर लिहिते. ते तरी बघता ना?’

ते मी बघतोच. म्हणून घाईघाईनं आपोआप उत्तराची सोय लावली. माझीच दोन वाक्यं, खाली देवणीवाल्यांचं नाव. रजेचा अर्ज केला नाही, कुठं जायचं नव्हतं. माणूस नसताना टॉवेल तो हजर आहे म्हणून सांगायचा. हे यंत्र माणूस हजर असताना नाही म्हणून सांगतं. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

भाचीचा ईमेल आला. माझ्या कॉम्प्युटरनं तिला माझ्याआधी उत्तर दिलं आणि मग मी तो वाचला. ‘मामा, एकच विचारते. येणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा. नकार असला तरी चालेल. फक्त बघू लिहू नका.’

कॉम्प्युटरनं बघू लिहिलं नव्हतं. तातडीच्या कामासाठी तिला देवणीवाल्यांशी संपर्क साधायला सांगितलं होतं.

ही भाची लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा फळीवरच्या डब्यांवर जे लिहिलंय तेच आत असतं असं समजायची. साखर लिहिलेल्या डब्यात हळद निघाली की रडायची. आता मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण ही सवय गेलेली नाही. तिनं संपर्क साधला.

देवणीवाले शेंगा फोडत माझ्या टेबलाशी आले. “तुमच्या भाचीचा फोन आलता.”

मी कागद चाळत राहिलो.

“पोरगी म्हणायली, मामांनी तुमचं नाव दिलंय. लग्नाला येणारेत का इचारायली.” त्यांनी एक शेंग माझ्यापुढे ठेवली. “आधी मला एक सांगा, तुम्ही रजेवर हाव का हितं हाव?”

“तसं... ईमेलपुरतं.”

“ईमेलपुरतं.” ते मान हलवत राहिले, एखाद्या दुकानदारानं उगवणीचा अजब किस्सा सांगावा तसे. “मग काय सांगू तिला?”

त्यांना सगळं ठाऊक होतं. समोरासमोरची टेबलं, प्लायवूडची भिंत. अक्काचं येणं, उदगीरची विचारणा, यातलं काही मी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्यापासून काही लपलंही नव्हतं. इथं हो किंवा नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, “तुम्ही बघा.”

“बरं,” ते म्हणाले. “बघतो.”

माझ्या आणि त्यांच्या ‘बघतो’त जो फरक आहे तो त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही. त्यांच्याकडे बघतो म्हणजे करतो.

पुढचे काही दिवस माझे फार शांततेत गेले. फोन बंद झाले. समोरच्या टेबलावर मात्र वाढले. मंगल कार्यालय औसा रोडला आहे, पाण्याचा टँकर लागेल, सोलापूरवाल्यांना उतरायची सोय कुठं, लग्न लावायला स्वामी कुणाला बोलवायचं, हे सगळं ते खणखणीत आवाजात बोलत आणि मी उगवणीच्या तक्रारी वाचत असे. मधेच ते मला विचारत, “तुमच्यात हळद आदल्या दिवशी लावतेत का त्याच दिवशी?” मी सांगत असे. माहिती द्यायला माझी हरकत नव्हती.

दरम्यान पुण्याहून साहेबांच्या साहेबांचा ईमेल आला. मी रजेवर असल्याचं त्यांना माझ्या कॉम्प्युटरकडून समजलं होतं. काळजी घ्या, आराम करा, असं लिहिलं होतं. आणि आठवणीनं रजेचा अर्ज पाठवा, नोंद दिसत नाही. मी अर्ज पाठवला. म्हणजे त्या आठवड्यात मी रजा खर्च करून ऑफिसात काम केलं. असं करणारा माणूस कंपनीत दुसरा नसेल. प्रामाणिकपणाबद्दल मला एखादं प्रशस्तिपत्रक मिळायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी बायको आणि मुलगी कपडे करून दारात उभ्या. मी विचारलं, कुठं? बायको चपला घालत राहिली. मुलगी म्हणाली, “पप्पा, माझ्या सोयरिकीसाठी तुम्ही जात न्हाईत ना? मग मी जाते. माझं काय मोडायचं ते मीच मोडते.” दोघी देवणीवाल्यांच्या बरोबर एकाच बसनं गेल्या. त्यांनी पांढरा नेहरू शर्ट घातला होता, इस्त्रीचा, आणि टोपी. माझ्याकडे आहेत तसले शर्ट, दोन. कपाटात.

मी ऑफिसला गेलो. शिपायानं चहा आणून ठेवला आणि आदबीनं विचारलं, “साहेब, आज तुम्ही हजर धरायचं का रजेवर?” मी म्हटलं, बघू. तो चहा परत घेऊन गेला. रजेवरच्या माणसाला चहा द्यायचा नाही असा काही नियम त्यानं लावला असावा.

दुपारी फोन वाजला. देवणीवाले. मागे वाजंत्री, लहान पोरांचा कालवा, कुणीतरी माइकवर खोकत होतं.

“स्वामी मामाला बोलवायलेत,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. “शेवटचं इचारतो. निघालाव का? वाटंत कुठं असलाव तर सांगा. थांबवतो मी त्यांना. घंटाभर थांबवतो.”

हे त्यांनी का विचारलं मला माहीत आहे. ते मला अजून एक संधी देत होते, आणि ती देताना माझा अपमान होऊ नये म्हणून मी वाटेत असू शकतो अशी कल्पना त्यांनी स्वतःच तयार केली होती. मी अहमदपूरला पोचलोय म्हटलं असतं तर त्यांनी खरोखर लग्न थांबवलं असतं, आणि मला खरोखर पळत सुटावं लागलं असतं. मी समोरच्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो. तिच्यावर टॉवेल नव्हता.

मी म्हटलं, “तुम्ही बघा.”

ते तिकडे वळले. फोन बंद करायचाही विसरले, तसाच खिशात टाकला. मीही ठेवला नाही. शर्टाच्या खिशातून जेवढं ऐकू येतं तेवढं मी ऐकलं. कापडाची खसखस, त्यांचा श्वास, लांबून मंगलाष्टकं, जवळ एका बाईचं नाक ओढणं. ती अक्का होती. तिचं रडणं मला लहानपणापासून ओळखू येतं. मग अक्षता. तांदूळ खिशावर पडतात तेव्हा फोनमध्ये फार मोठा आवाज होतो. सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी असा हजर होतो, देवणीच्या एका माणसाच्या खिशात, सुट्या शेंगांच्या बरोबर.

बाकीचं बायकोनं घरी आल्यावर सांगितलं. मला म्हणून नव्हे, शेजारणीला सांगत होती. मी आतल्या खोलीत होतो. दाजींचे भाऊ आले होते, पण गाडीत बसून राहिले, कार्यालयाच्या फाटकाबाहेर. मामा कुठाय, असं त्यांचं एकच. तेव्हा, मला फोन करायच्या आधीच, देवणीवाले गाडीपाशी गेले, मोबाइल काढला आणि माझं आपोआप गेलेलं उत्तर भाचीकडून मागवून ठेवलेलं होतं ते दाखवलं. “हे बघा. मामाचं लेखी हाय. तातडीच्या कामाला माझ्याशी संपर्क साधायचा. खाली माझं नाव. लग्नापेक्षा तातडीचं काय असतंय?” थोरल्या भावानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. सगळा जन्म व्यापारात गेलेला, लेखी म्हटल्यावर माणूस नरमतो. “कंपनीचा शिक्का न्हाई याच्यावर,” एवढं तो म्हणाला, आणि गाडीतून उतरला.

त्यांनाही आत यायला कारणच हवं होतं, हे आता कळतं. आत आल्यावर थोरल्यानं वाढायला घेतलं, म्हणे. माझ्या दोन वाक्यांचा आयुष्यात एकदाच काही उपयोग झाला, आणि तोही मी जे म्हणत होतो त्याच्या नेमका उलटा.

उदगीरचे धान्याचे व्यापारीही जेवायला होते. दाजींच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. बासुंदी दोनदा घेतली आणि माझ्या बायकोला विचारलं, साहेब दिसत नाहीत? ती म्हणाली, ऑफिसात आहेत. ते म्हणाले, सुट्टी मिळत नसेल. पुढे त्यांच्याकडून निरोप आला, मुलगी जरा उंच वाटते. भाचीच्या लग्नाबद्दल एक अक्षर नाही. माझ्या मुलीची उंची मला आधीपासून माहीत होती. ज्या गोष्टीला मी भ्यालो ती तिथं नव्हतीच. नुसता मी भ्यालो होतो.

त्यानंतर काय झालं, तर काहीच झालं नाही. अक्का भांडली नाही. फोनच केला नाही. फोन येत असले की न उचलण्याचं तरी काम असतं. येतच नाहीत म्हटल्यावर तेही करता येईना. समोरच्या टेबलावर मात्र रोजचे येत. “हाव अक्का. व्हय, पोचला डबा. चटणी झणझणीत हाय.” चटणी. डबा उघडून ते माझ्यापुढे धरत आणि मी भाकरीला लावून खात असे. नवा जावई त्यांना मामा म्हणे. फोटोंच्या अल्बमात भाचीच्या मागे ते उभे आहेत, दोन्ही हात तिच्या खांद्यावर, तोंड गंभीर. मुलीनं तो फोटो मला दाखवला नाही. टेबलावर उघडा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

मी त्यांना एकदाच म्हणालो, फार केलंत तुम्ही. ते म्हणाले, “तुम्हीच नाव दिलंव की.” त्यात टोमणा होता का हे मला त्यांच्या तोंडावरून कधीच कळत नाही. शेंगा खाणाऱ्या माणसाचं तोंड कायम हलत असतं.

मग पाऊस संपता संपता एक दिवस माझ्या टेबलावरचा फोन वाजला. टेबलावरचा म्हणजे वायरचा, ज्याच्यावर फक्त दुकानदार ओरडतात. देवणीवाले समोर बसले होते.

“मामा?” भाचीचा आवाज. “तुमचा नंबर मला ऑटो रिप्लायमध्ये आलाय.”

मला काही समजेना. ती सांगू लागली. तिनं देवणीवाल्यांना ईमेल केला होता. सासू-सासऱ्यांना गुरुद्वाऱ्याचं दर्शन करायचंय, हैदराबादहून रेल्वेनं येतोय, स्टेशनवर कुणी घ्यायला येईल का. तर उत्तर आलं. ते तिनं मला वाचून दाखवलं: ‘मी रजेवर हाय. तातडीच्या कामाला यांच्याशी बोला. हे रजेवर असले तरी ऑफिसातच असतेत.’ खाली माझं नाव आणि हा नंबर.

मी समोर बघितलं. ते टरफलं गोळा करत होते. मी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, हे काय आहे? ते हळू आवाजात म्हणाले, आणि हळू आवाज त्यांना असतो हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं, “मी रजेवर हाय. तुम्ही बघा.”

“मामा,” भाची म्हणाली, “तुम्ही ऑफिसात आहात का?”

माझ्या मुलीकडून तिला लग्नाच्या दिवशीच सगळं कळलं असणार. ती चौकशी करत नव्हती. पुन्हा एकदा हो किंवा नाही, एवढंच विचारत होती.

“आहे,” मी म्हटलं. “तेव्हाही होतो.”

 मग तिनं गाडीची वेळ सांगितली, चौघं आहोत म्हणाली, सासूबाईंच्या गुडघ्याला त्रास आहे, जिना नको. मी म्हटलं, येतो.

“येतो म्हणजे बघू का?”

“नाही. येतो.”

मी तासभर आधी स्टेशनवर गेलो. पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. गाडी आली. भाची आधी उतरली, मग जावई, मग दोघांनी सासूबाईंना धरून उतरवलं, मागून सासरे. भाचीनं मला बघितलं आणि थांबली. वाकली नाही. सासरे माझ्याकडे बघून हसले आणि तिला विचारलं, “हे कोण?”

लग्नात त्यांनी तिचा मामा बघितला होता. त्याच्याबरोबर जेवले होते, फोटो काढले होते. आता ती काय सांगणार? तिनं माझ्याकडे बघितलं, जरा अंदाज घेतला, आणि म्हणाली, “हे मामांच्या ऑफिसात असतात.”

माहिती बरोबर होती. मी मान हलवली असती तर तिथंच सगळं मिटलं असतं. बॅगा उचलल्या असत्या, रिक्षा केली असती, गुरुद्वारा दाखवला असता, आणि मामांच्या ऑफिसातला एक भला माणूस म्हणून त्यांना कायम आठवलो असतो. मान हलवायला सुरुवातही केली होती.

“मी तिचा सख्खा मामा,” मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला, शेजारचा हमाल वळून बघायला लागला. “तिच्या आईचा धाकटा भाऊ. लग्नाला मी आलो नव्हतो. कामही काही नव्हतं. हितंच होतो, नांदेडात.”

सासूबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं. जावई मोबाइल बघायला लागला. भाचीनं खांद्यावरची बॅग काढली, सगळ्यात जड होती ती, आणि माझ्या हातात दिली. “पट्टा सैल आहे, खालून धरा,” एवढंच म्हणाली. मी खालून धरली.

जिना टाळून लांबच्या फाटकानं आम्ही चाललो. सासरे माझ्या बरोबरीनं चालत होते, त्यांचं कोडं अजून सुटलं नव्हतं.

“मग ते?” त्यांनी विचारलं. “ते टोपीवाले?”

“ते माझे सहकारी. देवणीचे.”

“अच्छा, अच्छा.” ते जरा चालले. “फार चांगले आहेत हो ते.”

“हो,” मी म्हटलं. “तातडीच्या कामाला तेच.”